कुठले पाटील?

कोल्हापूरहून सांगलीला जाणाऱ्या एसटीत दोन अनोळखी माणसं शेजारी बसली, तर हातकणंगले येईपर्यंत ती अनोळखी राहत नाहीत. ‘पाटील? कुठले पाटील?’ इथून सुरुवात होते. गाव निघतं, गल्ली निघते, मग कुणाच्या तरी आत्याची नणंद निघते आणि जयसिंगपूरला उतरणारा माणूस दुसऱ्याला ‘पोराचा बायोडाटा पाठवा, बघू’ म्हणून नंबर देऊन जातो. कॅलिफोर्नियातल्या काही मंडळींनी २००३ साली हाच उद्योग संगणकावर सुरू केला, त्याचं नाव लिंक्डइन ठेवलं आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो सव्वीस अब्ज डॉलरहून जास्त मोजून विकत घेतला. एसटीला अजून कुणी भाव विचारलेला नाही.

मी कोल्हापूरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ‘कम्युनिकेशन स्किल्स’ शिकवतो. हा विषय विद्यार्थ्यांच्या मते झोपेचा आणि बाकीच्या विभागांच्या मते रिकामटेकड्या माणसाचा. त्यामुळे ‘शेवटच्या वर्षाच्या पोरांची प्रोफाइलं तुम्हीच करून घ्या’ असा निरोप आला, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य पुढं वाटलं. एसटीत ज्यांना ओळख काढायला दहा मिनिटं पुरतात, ती पोरं लिंक्डइन उघडलं की मुकी होतात.

सुरुवात फोटोपासून केली. जे फोटो आले त्यातल्या बहुतेकांना मांडवाचा वास होता. डोक्याला फेटा, कपाळाला गंध, मागं झालर. एकाच्या खांद्यावर एक हात होता. हाताचा मालक कापून टाकला होता, हात राहिला होता. ‘दाजी आहेत सर. पूर्ण काढलं तर रागावतील.’ दुसरा पन्हाळ्याच्या तटबंदीवर गॉगल लावून आकाशाकडं बघत होता. त्याला म्हटलं, कंपनीवाल्याला तुझे डोळे दिसू देत. तर म्हणाला, ‘मग उन्हाचं काय करू?’

नावाखाली स्वतःबद्दल एक ओळ लिहायची असते. तिला २२० अक्षरं मिळतात. अर्ध्या वर्गानं ‘स्टुडंट’ एवढं लिहून हात झटकले. उरलेल्यांत काही भावी सीईओ निघाले, एक ‘व्हिजनरी’ निघाला आणि एकानं ‘नाद खुळा इंजिनिअर’ असं लिहिलं. नियमानं मी ते खोडायला लावलं, पण सगळ्या वर्गात खरं बोलणारा तो एकटाच होता, असं माझं मत आहे.

पोरांचा तरी काय दोष? स्वतःच्या तोंडानं स्वतःचं कौतुक करू नये, हे त्यांच्या मनावर बालवाडीपासून ठसवलेलं. आपल्याकडं कौतुकाला चौकातला फ्लेक्स असतो आणि त्याच्या खाली शुभेच्छुक म्हणून मित्रमंडळ असतं. लिंक्डइनवर उत्सवमूर्तीही आपण आणि शुभेच्छुकही आपणच! हे अवघडलेपण घालवायला पोरांनी चॅटजीपीटीला साकडं घातलं आणि एका रात्रीत अख्खा वर्ग ‘पॅशनेट’ झाला. साडेनऊच्या तासाला ज्याची मान सरळ राहत नाही, तोही पॅशनेट. सगळे ‘रिझल्ट ओरिएंटेड’, सगळे ‘आव्हानात्मक संधीच्या शोधात’. नावं झाकली तर कुठलं प्रोफाइल कुणाचं, हे त्यांच्या आईलाही सांगता आलं नसतं.

कौशल्यांवर दुसऱ्यांनी शिक्कामोर्तब करायची सोय आहे. ती मात्र त्यांनी फार चटकन आत्मसात केली. ‘मी तुझं लीडरशिप दाबतो, तू माझं ऑटोकॅड दाब.’ गॅदरिंगच्या खुर्च्या मांडताना गायब असलेल्या एका इसमाच्या टीमवर्कला आता उभं हॉस्टेल साक्षीदार आहे.

आणि आपलं प्रोफाइल कोण बघून गेलं ते ही साइट मालकाला सांगते, हे मी सांगायच्या आधीच वर्गात कळलं. कसं कळलं, ते विचारू नका. एका मुलीनं तासाला हात वर करून शांतपणे विचारलं, ‘सर, मेकॅनिकलची बारा मुलं रात्री दीड वाजता माझ्या प्रोफाइलवर कुठली नोकरी शोधत होती?’ नाव झाकून बघायची सेटिंग कुठं असते, हे मेकॅनिकलनं त्या दिवशी मधल्या सुट्टीत शोधून काढलं. शिकवण्याला हेतूची जोड असावी लागते, ती अशी.

भामटेही तिथं असतात. गोडगोड मेसेज येतो, नोकरी पक्की आहे, फक्त रजिस्ट्रेशनची फी भरा. मी कळवळून सांगितलं, जो आधी पैसे मागतो तो नोकरी देत नाही. यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘पण सर, पैसे न घेता नोकरी देतो म्हणणारा जास्त संशयास्पद नाही का?’ घरात कुणी शिक्षकाच्या जागेसाठी प्रयत्न केला असावा. मी विषय बदलला.

मुख्य अडचण वेगळीच होती. पोरांनी जोडून घेतलं ते कुणाला, तर बाकावरच्या शेजाऱ्याला. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ सालचा एक निबंध प्रसिद्ध आहे. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्यांना त्यानं विचारलं, ही नोकरी मित्राकडून कळली का? लोक त्याचं वाक्य दुरुस्त करायचे : मित्र नव्हे हो, नुसती ओळख. कारण उघड आहे. ज्याच्याबरोबर आपण रोज चहा पितो, त्याला जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं. बातमी लांबचा माणूस आणतो. २०२२ मध्ये लिंक्डइनच्याच दोन कोटी लोकांच्या माहितीवरचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये आला. त्यातही पुसट ओळखीच जास्त कामाच्या ठरल्या, पण अगदीच पुसट नव्हेत, थोड्या जवळच्या. म्हणजे साधारण आत्याच्या नणंदेच्या अंतरावरच्या.

म्हणून गृहपाठ दिला : कॉलेजच्या एका अनोळखी माजी विद्यार्थ्याला लिहा. जोडणीच्या विनंतीसोबत दोन-तीनशे अक्षरांची चिठ्ठी पाठवता येते आणि फुकटच्या खात्याला अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच मिळतात, तेव्हा जपून लिहा, असं बजावलं. आलेला मजकूर असा : ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम युवर ज्युनिअर. काइंडली गिव्ह मी जॉब.’ हेच पोरगं एसटीत शेजाऱ्याला बसल्याबसल्या नोकरी मागेल का? आधी गाव विचारेल, खिडकी देईल, शेंगदाणे पुढं करेल. इंग्रजीत शिरलं की मात्र शेंगदाणे खिशात आणि हात पसरलेला.

त्यांच्यात एक जण सुट्टीत शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत जायचा. त्याच्या प्रोफाइलवर त्या कामाचा एक शब्द नाही. विचारलं, तिथं काय करतोस?

‘काय न्हाई ओ सर. वाळू बघतो.’

‘वाळूत काय बघतोस?’

मग जे सुरू झालं ते थांबेना. वाळूत ओल जास्त झाली की तापलेलं लोखंड ओतताना वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये पोकळ्या राहतात आणि माल रिजेक्ट होतो. या गड्यानं दर पाळीला ओल मोजून वहीत मांडायला सुरुवात केली होती.

‘मग रिजेक्शन कमी झालं?’

‘लय कमी झालं.’

‘लय म्हणजे किती?’

‘वही बघाय लागंल.’

वही बघून तो दुसऱ्या दिवशी आकडा घेऊन आला. ‘पॅशनेट’ काढलं, वाळू घातली, आकडा घातला. चिठ्ठीत नोकरीचं नावही काढायचं नाही, असं ठरवलं. पुण्याकडं ओतकामातच असलेल्या एका माजी विद्यार्थ्याला त्यानं एवढंच विचारलं, की पावसाळ्यात तुमच्याकडं वाळूची ओल कशी आवरता? त्याच रात्री उत्तर आलं. पहिल्या ओळीत वाळू होती. दुसऱ्या ओळीत ‘शिरोलीत कुणाची फाउंड्री?’, तिसऱ्या ओळीत ‘तू गावचा कुठला?’ पुढचं सगळं मराठीत आणि फोनवर झालं. आता त्याला मुलाखतीला बोलावलंय.

घरी सांगताना त्यानं ते प्रोफाइल वडिलांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचायला लावलं, अर्थ विचारून घेतला आणि म्हणाले, ‘सगळं झ्याक हाय. पर ऊस किती एकर, ते कुठं लिवलंय?’

‘ह्यात ते लिवत न्हाईत अण्णा.’

‘मग ह्ये बघून पोरगी कोण देणार?’