टहरौलीचं बाळ कुठल्या वहीत?

राणी लक्ष्मीबाईंना 1851 मध्ये मुलगा झाला आणि काही महिन्यांतच गेला. चित्रांत राणीच्या पाठीशी बांधलेला दिसतो तो दामोदर दत्तक. औरस वारस नाही म्हणून डलहौसीनं 1854 मध्ये झाशी खालसा केली. राजवाड्यातल्या त्या तान्ह्याची नोंद इतिहासानं ठेवली. त्याच झाशी जिल्ह्यात, टहरौलीत, आज एखाद्या मजुराचं बाळ दगावलं तर ते कुठल्या वहीत? नमुना नोंदणी पद्धत बालमृत्युदर देते तो अख्ख्या उत्तर प्रदेशाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जिल्ह्यापाशी थांबतं. सरासरीला ताप येत नाही, बाळाला येतो.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं हे ओळखलं. 1995-96 मध्ये 39 गावांतल्या आरोग्यदूत बायकांनी घरोघर जाऊन 763 नवजात बाळं पाहिली. निम्म्याहून जास्त बाळांना उपचारांची गरज होती. डॉक्टर मिळाला फक्त 2.6 टक्क्यांना. दवाखान्याच्या रजिस्टरात हे दिसलंच नसतं, कारण ती बाळं तिथवर पोचलीच नव्हती! मग त्याच बायका श्वास अडकलेल्या बाळाला श्वास द्यायला, जंतुसंसर्गावर इंजेक्शन द्यायला शिकल्या. हजारी 62 नवजात मृत्यू होते, ते 1998 पर्यंत 25 वर आले. 2011 पासून देशभरच्या आशाताईंकडे घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याचं काम आलं, ते याच वाटेनं.

म्हणजे टहरौलीच्या आशाताईनंही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जायचं, वजन करायचं, लिहायचं. कागद वर जातो. माझं भांडण पुढेच आहे: तो गावात परत का येत नाही? गावाची आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती कागदोपत्री आहेच. तिनं वर्षातून दोनदा ग्रामसभेत उभं राहून सांगावं, किती बाळं जन्मली, किती गेली, कशानं गेली. नावं नकोत, कारणं हवीत. आणि साहेब, मृत्यू लिहिणाऱ्या बाईवर डोळे वटारू नका. एकदा वटारलेत की पुढचा मृत्यू कागदावर येणार नाही. गडचिरोलीत 62 लिहायची हिंमत होती, म्हणून 25 लिहिता आलं.