थुंकीच्या ग्लासातलं निदान

सकाळी उठल्याबरोबर, चूळ न भरता, ग्लासभर पाण्यात थुंकायचं आणि पंधरा-वीस मिनिटांनी बघायचं. थुंकी वर तरंगत राहिली तर ठीक. तिला खाली दोरे सुटले किंवा तळाला गाळ बसला, तर पोटात यीस्ट माजलंय! ही तथाकथित तपासणी मोबाइलवरून घरोघर पोचली आहे. बेंगळुरूत जयनगरच्या चौथ्या ब्लॉकात राहणाऱ्या ओळखीतल्या एका मावशींनी मला त्यांचा ग्लास दाखवला. दोरे होते. ते असणारच. लाळेत म्युसिन नावाचं चिकट प्रथिन असतं, रात्रभर तोंड कोरडं पडलं की लाळ दाट होते, आणि दाट लाळ पाण्यात सोडली की तिचे दोरे लोंबतात. उघड्या तोंडाने झोपणाऱ्या कुणाचाही ग्लास असाच दिसेल. त्यावरून आतड्यातलं काहीही कळत नाही.

पण या ग्लासाच्या भरवशावर मावशींनी इडली सोडली. मग डोसा, ब्रेड, गूळ, केळी, शेवटी दहीसुद्धा. पासष्टी ओलांडलेली, मधुमेह असलेली बाई, आणि खाण्यात उरलं काय, तर उकडलेल्या भाज्या. वर पेन्शनीतून मागवलेल्या तीन बाटल्या: एकीत खोबरेल तेलातल्या कॅप्रिलिक आम्लाच्या कॅप्सूल, दुसरीत ओरेगानोचं तेल, तिसरीत प्रोबायोटिक. अशक्तपणा आला. विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "यीस्ट मरतंय ना मॅडम, म्हणून त्रास होतोय. औषध लागू पडल्याची खूण आहे."

मला सगळ्यात जास्त संताप या वाक्याचा येतो. बरं वाटलं तर औषधाचा गुण, वाईट वाटलं तरी औषधाचाच गुण. उपदंशावर प्रतिजैविक दिल्यावर जंतू झपाट्याने मरतात आणि काही तास ताप-थंडी भरते, ही वैद्यकाला नीट माहीत असलेली गोष्ट आहे. ती उचलून पोटातल्या यीस्टला चिकटवली आहे. म्हाताऱ्या बाईला उपासमारीने चक्कर येते आहे, आणि आपण तिला सांगतोय की छान चाललंय.

आता इडलीची बाजू. बेंगळुरूत राहून इडली सोडायची तर कारण तरी धड हवं. तांदूळ-उडदाचं पीठ रात्रभर फुगतं ते मुख्यतः ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस या जिवाणूमुळे. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 1965 साली हे दाखवून दिलं. पिठात थोडं यीस्टही असतं, पण ते वाफेत जगत नाही. ब्रेडमधलं यीस्ट भट्टीत मरतं. शिवाय ज्या यीस्टची ही भीती घालतात ते कॅन्डिडा; ब्रेडमधलं ते नव्हेच, ते सॅकरोमायसिस. दर्शिनी उपाहारगृहात उभ्याने खाल्लेल्या दोन इडल्यांतून पोटात बुरशीची वसाहत होत नाही. गोड खाल्ल्याने यीस्ट पोसतं, हे ऐकायला पटतं खरं. पण 1999 मध्ये जर्मन संशोधकांनी निरोगी माणसांना मुद्दाम भरपूर साखर खाऊ घालून त्यांच्या तोंडातलं आणि शौचातलं कॅन्डिडा मोजलं. फरक नगण्य निघाला. मधुमेह्याने साखर आवरावीच, ती रक्तातल्या साखरेसाठी.

कॅन्डिडा पोटात असणं हा रोगच नाही. बहुतेक निरोगी माणसांच्या तोंडात नाहीतर आतड्यात ते कधी ना कधी सापडतं. आतड्यातले जिवाणू त्याला डोकं वर काढू देत नाहीत. जागा अडवतात, खाद्य पळवतात, त्याला न मानवणारी आम्लं तयार करतात. म्हणून शौचाच्या तपासणीत ‘यीस्ट सेल्स प्रेझेंट’ असं छापून आलं की लगेच घाबरायचं कारण नसतं. प्रयोगशाळेने दिसलं ते लिहिलं. त्याचा अर्थ लावायला समोर रोगी आणि डॉक्टर दोघं लागतात.

हे खूळ आलं कुठून? अमेरिकेतून, आणि त्याची जन्मतारीखही ठाऊक आहे. अलाबामातल्या बर्मिंगहॅम गावचे डॉ. ओरियन ट्रस आणि टेनेसीतले बालरोगतज्ज्ञ डॉ. विल्यम क्रूक या दोघांची पुस्तकं 1983 साली आली. थकवा, डोकेदुखी, पोट फुगणं, चिडचिड, उदास वाटणं, पाळीचे त्रास, सगळ्याच्या मुळाशी कॅन्डिडा, असा त्यांचा दावा. क्रूक यांच्या पुस्तकात प्रश्नावलीही होती, उत्तरांना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. तशा प्रश्नावल्या आज मराठीत, कन्नडमध्ये, इंग्रजीत नव्या रूपात फिरत आहेत, आणि त्यात नापास होणं जवळपास अशक्य आहे, कारण थकवा आणि पोट फुगणं कुणाला नसतं?

1986 मध्ये अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संस्थेने हा दावा तर्कावर उभा असल्याचं, सिद्ध नसल्याचं जाहीर केलं. मग त्याच बर्मिंगहॅम गावातल्या विद्यापीठात डॉ. विल्यम डिस्म्यूक्स यांनी 42 स्त्रियांवर चाचणी घेतली. कधी निस्टॅटिन हे बुरशीविरोधी औषध, कधी हुबेहूब दिसणारी पोकळ गोळी. कुणाला काय मिळतंय ते ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. निस्टॅटिन आतड्यातून रक्तात फारसं शोषलं जात नाही, जिथे यीस्ट आहे म्हणतात तिथेच काम करतं, म्हणजे दाव्याला याहून न्याय्य परीक्षा मिळाली नसती. 1990 च्या डिसेंबरात निकाल छापून आला. योनिमार्गाच्या तक्रारी निस्टॅटिनने कमी झाल्या. थकवा, डोकेदुखी, उदासपणा यांत मात्र खऱ्या गोळीने जेवढं बरं वाटलं तेवढंच पोकळ गोळीनेही वाटलं. या निकालाला तीस वर्षं कधीच उलटून गेली. बाटल्या अजून विकल्या जात आहेत.

या बायकांचा त्रास खोटा होता असं कुणीच म्हटलेलं नाही. मावशींचं पोट खरंच फुगतं, करपट ढेकर खरंच येतात, रात्री झोप लागत नाही. डॉक्टर पाच मिनिटांत "गॅसेस आहेत" म्हणून चिठ्ठी खरडतात, तेव्हा अर्धा तास ऐकून घेणारा बाटलीवाला देवासारखा वाटतो. आपल्या दवाखान्यांनी जी जागा मोकळी सोडली, तिथे तो येऊन बसला. याचा दोष मावशींना देऊ नये.

यीस्ट कधी कधी खरोखर माजतंही. लहान आतड्यातल्या बुरशीच्या वाढीवर अमेरिकेतल्या ऑगस्टाचे डॉ. सतीश राव यांनी बरंच काम केलं आहे. पोटाच्या तक्रारींचं इतर कारण न सापडलेल्या रुग्णांतल्या साधारण चौथ्या हिश्शाच्या लोकांत त्यांना ती दिसली. पण ती शोधली कशी? तोंडातून दुर्बीण घालून लहान आतड्यातला द्राव ओढून घेतला, तो प्रयोगशाळेत वाढवला, बुरशी मोजली. त्यानंतर औषध. तरीही ते औषध किती जणांना किती गुण देतं, याचा पुरावा अजून तोकडा आहे आणि हे त्या विषयातली माणसं स्वतःच लिहितात. आणखी एक विरळा प्रकार म्हणजे पोटातलं यीस्ट पिठूळ पदार्थांपासून दारूच बनवतं. 2024 मध्ये बेल्जियममधल्या ब्रूज शहरातल्या न्यायालयाने दारू पिऊन गाडी चालवल्याच्या आरोपातून एका माणसाला सोडलं, कारण डॉक्टरांनी तपासून हा विकार असल्याचं सांगितलं. इथेही साक्ष लागली ती मोजलेल्या पुराव्याची.

आपल्या मुलखाची बुरशीविरुद्धच्या लढाईतली कामगिरी मोठी आहे, आणि ती आपण पार विसरलो याचं मला वाईट वाटतं. पुण्याजवळ पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथल्या संशोधन विभागात डॉ. एम. जे. थिरुमलाचार हे कर्नाटकातले बुरशीतज्ज्ञ काम करत. मातीतले सूक्ष्मजीव वाढवायचे, त्यातला कोणता बुरशीला मारतो ते पाहायचं, असं ते चिवट काम. त्यातून स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना हा जीव हाती आला आणि 1961 मध्ये त्याच्यापासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध जाहीर झालं. तोंडातल्या आणि योनिमार्गातल्या कॅन्डिडावर ते वापरलं गेलं. कानडी शास्त्रज्ञ, मराठी गाव, सरकारी पैसा, आणि कुठलाही दावा करण्याआधी काचेच्या बशीत, मग प्राण्यांत, मग माणसांत पडताळणी. खोबरेल तेलातलं आम्लही काचेच्या बशीत यीस्ट मारतं. तिथून माणसाच्या आतड्यापर्यंतचा सगळा रस्ता बाटलीवाल्यांनी चाललाच नाही.

यीस्ट खरोखर वाढतं कशाने, ते आपल्याच घरात बघावं. चौथ्या ब्लॉकच्या बाजारात चाट खाल्लं, दुसऱ्या दिवशी दोन जुलाब झाले, की आपण मेडिकलमध्ये जाऊन ‘लूज मोशनची गोळी’ मागतो. ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेल्या गोळ्या चिठ्ठीशिवाय हातात पडतात. दोन घेतल्या, बरं वाटलं, उरलेल्या फ्रिजच्या दारात, पुढच्या वेळेसाठी. बहुतेक साध्या जुलाबांना मीठ-साखरेचं पाणी पुरतं. या गोळ्या आतड्यातले राखणदार जिवाणू मारतात आणि कॅन्डिडाला रान मोकळं मिळतं. चार दिवसांनी अंगावरून पांढरं जातं, खाज सुटते, नाहीतर जिभेवर दह्यासारखा थर चढतो. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक विकू नये हा कायदा आहे. तो पाळला जात नाही, हे विकणाऱ्यालाही माहीत आहे आणि घेणाऱ्यालाही.

दुसरं कारण मधुमेह्यांच्या औषधांच्या डब्यात आहे. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट 2020 मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं 2025 मध्ये संपल्यावर ही औषधं स्वस्त झाली आणि पुष्कळांना सुरू झाली. औषधं चांगली आहेत, हृदयाला आणि मूत्रपिंडाला जपतात. ती साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे जननेंद्रियाच्या जागी यीस्टला आयतं खाद्य मिळतं. खाज, लाली, पांढरा स्राव. आपल्या बायका हे सांगत नाहीत, पुरुष तर अजिबात नाहीत. लिहून देताना डॉक्टरांनी एक वाक्य बोलायला हवं: त्या जागेची स्वच्छता ठेवा, कोरडी ठेवा, खाज आली तर लगेच सांगा. दम्याचा पंप घेणाऱ्यांनाही असंच एक वाक्य लागतं. स्टेरॉइडचा पंप ओढला की खळखळून चूळ भरून थुंकायचं, म्हणजे घशात बुरशी धरत नाही.

आणि फ्लुकोनाझोल. 150 मिलिग्रॅमची एक गोळी, किंमत क्षुल्लक, जयनगरात काय किंवा जालन्यात काय, मागितली की मिळते. योनिमार्गाच्या साध्या संसर्गाला ती एकच पुरे होते, घशाखाली अन्ननलिकेत बुरशी उतरली असेल तर दोन-तीन आठवडे घ्यावी लागते, आणि हे ठरवणं डॉक्टरचं काम आहे. कारण हीच गोळी ग्लिमेपिराइड उतरवणाऱ्या यकृतातल्या यंत्रणेला अडवते. ग्लिमेपिराइड आपल्याकडे लाखो मधुमेही घेतात. ते रक्तात साचलं की साखर धाडकन खाली जाते. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांत रक्तस्रावाचा धोका वाढतो. गर्भारपणात पोटातून ही गोळी टाळतात. मावशींच्या डब्यात ग्लिमेपिराइड होतं आणि बाटल्यांनी गुण आला नाही तर ‘अँटिफंगलचा कोर्स’ करा, असा सल्ला त्यांना फोनवर मिळालेला होता.

बुरशीविरोधी औषधं अशी उठसूट वापरण्याची किंमत अतिदक्षता विभागात मोजली जाते. चंडीगडच्या डॉ. अरुणालोक चक्रवर्ती यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या 27 अतिदक्षता विभागांची पाहणी झाली, तेव्हा दर हजार रुग्णांमागे साडेसहा जणांच्या रक्तात कॅन्डिडा सापडलं. त्यात कॅन्डिडा ऑरिसही होतं, ज्याच्यावर फ्लुकोनाझोल बहुधा चालतच नाही. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांत घातक बुरशींची यादी काढली, तिच्या पहिल्या गटात ऑरिस आणि कॅन्डिडाची आपली नेहमीची जात अल्बिकन्स दोन्ही आहेत. यीस्टची भीती बाळगायचीच, तर ती इथली बाळगा.

मावशींना मी एवढंच म्हटलं, की बाटल्या बंद करा, इडली खा आणि पोटाच्या डॉक्टरकडे चला. जयनगरचं सरकारी जनरल हॉस्पिटल चौथ्या टी ब्लॉकातच आहे, तिथूनही सुरुवात होते. पन्नाशीनंतर बाईचं पोट नव्याने आणि सतत फुगायला लागलं, थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं वाटू लागलं, वजन उतरू लागलं, तर सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी आधी व्हायला हवी, कारण अंडाशयाचा कर्करोग सुरुवातीला नेमका असाच बोलतो. थायरॉइड, दूध न पचणं, मेटफॉर्मिनने होणारे गॅसेस, पित्ताशयातले खडे ही त्यानंतरची यादी. किडवाई कर्करोग संस्था जयनगरपासून रिक्षाने थोड्याच अंतरावर आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात उशिरा येणाऱ्या बायकांपैकी कुणी महिनोन्‌महिने ‘गॅसेस’वर चूर्णं आणि कॅप्सूल घेत बसलेली असू नये, म्हणून हे लिहिलं. मावशींची सोनोग्राफी पुढच्या मंगळवारी आहे.