रुसलेला रिसीव्हर आणि मिनेसोटाचे दूरदर्शी

मिनेसोटा राज्यातल्या, अंगात जांभळी जर्सी आणि डोक्यावर शिंगांचा टोप घालणाऱ्या समस्त फुटबॉल-जाणकारांस सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, स्टेफॉन डिग्ज हा गडी संघाने हातचा घालवला की वेळेवर बाजारात काढला, हा खटला १६ मार्च २०२० पासून चालू असून निकालाची चिन्हे नाहीत. त्या दिवशी मिनेसोटा वायकिंग्जने डिग्जला बफेलो बिल्सच्या हवाली केले आणि वर ड्राफ्टच्या सातव्या फेरीतला एक क्रमांक दिला. बदल्यात पहिल्या फेरीतला २२वा क्रमांक, पाचव्या आणि सहाव्या फेरीतला एकेक, शिवाय पुढच्या वर्षीचा चौथ्या फेरीतला एक, असे चार क्रमांक पदरात पाडून घेतले. कॉलेजातून बाहेर पडणारी पोरे संघांनी ज्या रांगेने उचलायची, त्या रांगेतल्या या जागा. व्यवहार तसा एका ओळीचा. पण त्याचा अर्थ लावण्यात जाणकारांचा जो घसा आणि जी बिअर खर्ची पडली, तिला तोड नाही. प्रस्तुत पत्रलेखक कोणाच्याच बाजूचा नाही. जाणकारांच्या दूरदृष्टीने त्याचे डोळे दिपले आहेत आणि तिची जाहीर नोंद व्हावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

आधी त्या गड्याविषयी. २०१५च्या ड्राफ्टमध्ये १४५ पोरे निवडून झाल्यावर, पाचव्या फेरीत डिग्जचे नाव पुकारले गेले. म्हणजे माल जवळजवळ फुकटात आलेला. १४ जानेवारी २०१८ रोजी प्लेऑफच्या सामन्यात न्यू ऑर्लीन्स सेंट्स २४-२३ असे पुढे होते आणि घड्याळात १० सेकंद उरले होते. मिनेसोटाच्या केस कीनमने चेंडू उंच फेकला, डिग्जने उडी मारून तो घेतला, अडवायला आलेला सेंट्सचा खेळाडू त्याला हातही न लावता पायाखालून निघून गेला आणि डिग्ज मोकळ्या मैदानातून थेट टचडाउनपर्यंत पळाला. ६१ यार्ड. २९-२४. वेळ संपता संपता टचडाउनने निकाली निघालेला लीगच्या इतिहासातला तो पहिला प्लेऑफ सामना. मिनियापोलिसात त्या झेलाला आजही चमत्कार म्हणतात. पुढच्याच आठवड्यात फिलाडेल्फियाने याच संघाला ३८-७ असे धुतले, ते मात्र फारसे कोणी आठवत नाही. फिलाडेल्फिया हे नाव जाणकारांनी ध्यानात ठेवावे. पुढे लागणार आहे.

त्याच वर्षी डिग्जशी पाच वर्षांचा, ७ कोटी २० लाख डॉलरचा करार झाला. आणि कर्क कझिन्स या नव्या क्वार्टरबॅकशी तीन वर्षांचा, ८ कोटी ४० लाखांचा, पैन् पै हमीची. मग प्रशिक्षक माइक झिमर यांना चेंडू फेकण्यापेक्षा तो पोटाशी धरून पळण्याचे प्रेम उफाळून आले. २०१९च्या हंगामातल्या पहिल्या सामन्यात ८ कोटी ४० लाखांच्या कझिन्सने अख्ख्या सामन्यात चेंडू फेकला तो १० वेळा. सामना २८-१२ असा जिंकला, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. चौथ्या सामन्यात शिकागोत १६-६ असा मार खाल्ल्यावर ती झाली. डिग्ज सरावालाच आला नाही. संघाने दोन लाख डॉलरहून जास्त दंड ठोठावला. परत आल्यावर, अफवांत तथ्य असतेच, अशा अर्थाचे काहीतरी तो पत्रकारांशी बोलला आणि हसला. त्यानंतरचे दहाएक दिवस मिनेसोटात रुसलेला जावई मांडवात असावा तसे गेले: कोण काय बोलला, कोणाकडे पाहून बोलला, यावरच सगळी चर्चा. मग १३ ऑक्टोबरला फिलाडेल्फियाविरुद्ध चेंडू त्याच्याकडे येऊ लागला आणि त्याने ७ झेलांत १६७ यार्ड आणि ३ टचडाउन वसूल केले.

येथे पत्रलेखक थोडा रेंगाळणार आहे. रिसीव्हरचा धंदा मोठा चमत्कारिक. सामन्यात साठ-पासष्ट डाव होतात. प्रत्येक डावात हा माणूस जीव तोडून पळतो, वळतो, समोरच्याला चकवतो, मोकळा होतो आणि हात वर करतो. चेंडू त्याच्याकडे यायचा की नाही हे ठरवतो दुसरा, तोही चार धिप्पाड माणसे अंगावर येत असताना, तीन सेकंदांत. गोलंदाजाच्या हाती निदान षटक तरी असते. रिसीव्हरच्या हाती स्वतःचे काहीच नाही. डिग्जच्या वाट्याला २०१९मध्ये १५ सामन्यांत ९४ फेकी आल्या. त्यांतून त्याने ६३ झेल आणि १,१३० यार्ड काढले, दर झेलामागे जवळजवळ १८. बफेलोत गेल्यावर २०२०मध्ये फेकी आल्या १६६. झेल १२७, यार्ड १,५३५, दोन्हीत अख्ख्या लीगमध्ये पहिला. माणूस तोच, हातही तेच. तेव्हा ‘नखरेल’, ‘आपमतलबी’ वगैरे जी विशेषणे जाणकारांनी त्या मार्चमध्ये त्याला बहाल केली, ती परत घ्यायची असल्यास मुदत अजून गेलेली नाही. पण तो रुसणारच नव्हता असेही कोणी म्हणू नये. त्याचा रुसवा खरा होता आणि कारणही खरे होते.

आता दूरदृष्टीकडे. मार्च २०२०मध्ये हा सौदा म्हणजे घोडचूक होती. एप्रिलमध्ये २२व्या क्रमांकावर लुइझियाना स्टेटचा जस्टिन जेफरसन आला, तेव्हा ती बघू-या-काय-होते अशी झाली. पहिला हंगाम संपेपर्यंत जेफरसनने ८८ झेल आणि १,४०० यार्ड केले आणि सौदा बरा ठरला. जानेवारी २०२१मध्ये बफेलो कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात पोहोचले आणि मिनेसोटा ७ विजय आणि ९ पराभवांवर घरी बसले होते, तेव्हा पुन्हा घोडचूक. १३ नोव्हेंबर २०२२ला दोन्ही संघ बफेलोत समोरासमोर आले. चौथा आणि शेवटचा प्रयत्न, १८ यार्ड हवे, सामना हातातून निसटलेला. जेफरसनने हवेत मागे झुकून एका हाताने चेंडू बचावपटूच्या हातातून खेचून घेतला. त्या दिवशी त्याचे १० झेल आणि १९३ यार्ड, डिग्जचे १२ झेल आणि १२८, आणि मिनेसोटा जादा वेळेत ३३-३० असे विजयी. त्या संध्याकाळपासून हा सौदा लीगच्या इतिहासातला सर्वांत शहाणा सौदा असून तसे प्रत्येक जाणकाराने पहिल्या दिवसापासून सांगितले होते.

नेमके हेच सांगितलेले कोणाच्या आठवणीत नाही, ही गोष्ट अलाहिदा.

कारण २२वा क्रमांक म्हणजे जेफरसन नव्हे. २२वा क्रमांक म्हणजे २१ जणांनी नको म्हटल्यावर उरलेल्यांतून एक. त्या ड्राफ्टमध्ये जेफरसनच्या आधी चार रिसीव्हर गेले: १२व्या क्रमांकावर रग्ज, १५व्यावर ज्युडी, १७व्यावर लॅम, आणि २१व्यावर जेलन रेगर. रेगरला उचलणारा संघ कोणता? फिलाडेल्फिया. त्यांनाही रिसीव्हरच हवा होता, जेफरसन समोर होता आणि त्यांनी रेगरला घेतले. त्यांनी जेफरसनचे नाव पुकारले असते तर आज मिनेसोटात कोणाची जर्सी खपली असती आणि सौद्याला शहाणा म्हणायला किती जण उरले असते, याचा विचार जाणकारांनी थंडीत एखाद्या रात्री करावा. वायकिंग्जचे तेव्हाचे सरव्यवस्थापक रिक स्पिलमन यांनी जाणाऱ्या माणसाचा भाव चांगला वसूल केला. शहाणपण म्हणायचे ते एवढेच, आणि ते मार्चमध्येच पूर्ण झाले होते. एप्रिलचे श्रेय फिलाडेल्फियाला जाते. मिनियापोलिसच्या एखाद्या चौकात त्या शहराच्या नावाची कोनशिला बसवावी, अशी पत्रलेखकाची सूचना आहे. (ऑगस्ट २०२२मध्ये वायकिंग्जने रेगरलाही फिलाडेल्फियाकडून आणले. याला उपकाराची परतफेड म्हणावे की संग्रहाची हौस, ते ठरत नाही.)

क्रमांक म्हणजे माणूस नव्हे, हे मिनेसोटाला कोणी शिकवावे? नाराज रिसीव्हर बाहेर धाडण्याची त्या घराण्यात परंपराच आहे. २००५च्या मार्चमध्ये रँडी मॉसला ओकलंडला दिले आणि सातवा क्रमांक मिळवला. बाविसाव्याच्या तुलनेत हा केवढा तरी मोठा. त्यावर ट्रॉय विल्यमसनला घेतले. पोरगा वाऱ्यासारखा पळायचा, फक्त चेंडू हातात राहत नसे. तीन हंगामांत त्याची रवानगी झाली. मॉस दोन वर्षांनी चौथ्या फेरीतल्या एका क्रमांकाच्या भावात न्यू इंग्लंडला गेला आणि २००७च्या एका हंगामात २३ टचडाउनचे झेल घेऊन त्याने विक्रम केला. २०१०च्या ऑक्टोबरमध्ये मिनेसोटाने तिसऱ्या फेरीतला क्रमांक मोजून त्याला परत आणले आणि चार सामन्यांनंतर काढून टाकले. नंतर २०१३मध्ये पर्सी हार्विन रुसला. त्याला सिॲटलला देऊन आलेल्या २५व्या क्रमांकावर झेवियर ऱ्होड्ससारखा उत्तम बचावपटू मिळाला. म्हणजे तीन रुसवे, तीन सौदे. एकात दिवाळे, एकात बरी कमाई आणि एकात लॉटरी. या तिन्हींतून नियम काढून दाखवणाऱ्या जाणकाराला पत्रलेखक साष्टांग नमस्कार घालील.

बाहेरही तेच. डिग्ज गेला त्याच दिवशी ह्यूस्टनने डिआंद्रे हॉपकिन्सला ॲरिझोनाला दिले आणि मुख्यत्वे एक रनिंग बॅक व दुसऱ्या फेरीतला क्रमांक घेतला. त्या ऑक्टोबरात, चार सामने हरल्यावर, सौदा करणारे बिल ओब्रायन यांची नोकरी गेली. २०२२मध्ये टेनेसीने ए. जे. ब्राऊनला फिलाडेल्फियाला दिले. डिसेंबरात त्याने जुन्या संघावर दोन टचडाउन केले आणि दोन दिवसांत टेनेसीचे सरव्यवस्थापक घरी गेले. उलट कॅन्सस सिटीने टायरीक हिलला मायामीला देऊन पाच क्रमांक घेतले आणि पुढचे दोन्ही सुपर बोल जिंकले. हिलनेही मायामीत दोन हंगाम १,७०० यार्डांपलीकडे मजल मारली. तिथे चूक कोणाची म्हणायची?

बफेलोच्या जाणकारांनी हे वाचून हसू नये. त्यांना डिग्ज मिळाला आणि त्यांचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन याचा नेम सुधारला. त्याच्या अचूक फेकींचे प्रमाण एका वर्षात ५८.८ टक्क्यांवरून ६९.२वर गेले. मग २०२३च्या जानेवारीत सिनसिनाटीकडून हरताना डिग्ज सीमारेषेवर ॲलनवर ओरडताना दिसला, आणि तेव्हापासून मिनेसोटातली जुनी संहिता बफेलोत लागली. एप्रिल २०२४मध्ये त्यालाही ह्यूस्टनला देऊन टाकले आणि पगारमर्यादेच्या खात्यात ३ कोटी १० लाख डॉलरचा भार गेलेल्या माणसाच्या नावाने उरला. त्याच हंगामात ॲलन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आता बफेलोत तो सौदाही पहिल्या दिवसापासून शहाणा होता.

मिनेसोटाच्या बाबतीत एक बारीकशी गोष्ट राहते. वायकिंग्जने प्लेऑफमधला शेवटचा विजय मिळवला तो जानेवारी २०२०मध्ये, न्यू ऑर्लीन्सला, डिग्ज संघात असताना. जेफरसन आल्यावर २०२२मध्ये १३ सामने जिंकले आणि घरच्या मैदानावर न्यू यॉर्क जायंट्सकडून हरले. २०२४मध्ये १४ जिंकले आणि रॅम्सकडून २७-९ असे हरले. जून २०२४मध्ये जेफरसनशी चार वर्षांचा १४ कोटी डॉलरचा करार झाला. तेव्हा तरी तो रुसलेला नव्हता.

जाता जाता एक हिशोब. बफेलोने डिग्जच्या बदल्यात ह्यूस्टनकडून २०२५च्या दुसऱ्या फेरीतला जो क्रमांक घेतला, तो मूळचा मिनेसोटाचाच. काही आठवडे आधी मिनेसोटाने पहिल्या फेरीतली आणखी एक जागा घेताना तो ह्यूस्टनला दिला होता. रांगेत त्याचा नंबर लागला ५६वा. बफेलोने आणखी वर सरकण्यासाठी तो शिकागोला दिला आणि शिकागोने त्यावर ओझी ट्रॅपिलो नावाचा ऑफेन्सिव्ह टॅकल घेतला. शिकागो हा मिनेसोटाच्याच गटातला संघ, त्यामुळे दोघांची गाठ वर्षातून दोनदा पडते. ट्रॅपिलो मिनेसोटाच्या बचावपटूंना ढकलून बाजूला करील तेव्हा तो डाव डिग्जच्या खात्यात जमेला धरायचा की नावे टाकायचा, हे जाणकारांनी आपसात ठरवून सवडीने कळवावे. लोभ आहे, तो वाढावा.