दोन जीटी

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या बोलीत 'जीटी' ही संज्ञा दोन अर्थांनी आढळते आणि त्या दोन अर्थांमध्ये सुमारे पंचवीस वर्षांचे अंतर असते. पहिली जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर काच आडवी टाकायची, काचेखाली टेबललॅम्प लावायचा, काचेवर हुशार मुलाची ड्रॉइंगशीट आणि तिच्यावर आपला कोरा कागद अंथरून खालून दिसतील त्या रेषा गिरवीत बसायचे, अशी ही सबमिशनच्या, म्हणजे सत्रभराचे काम दाखवून सही मिळवण्याच्या, आदल्या रात्रीची साधना होय. तिचा एकच ज्ञात धोका असा की, पहाटे तीननंतर हात आपोआप चालू लागतो आणि कागदाच्या उजव्या कोपऱ्यातील चौकटीत, टायटल ब्लॉकमध्ये, मूळ मालकाचा रोल नंबरही इमानेइतबारे गिरवला जातो. दुसरी जीटी म्हणजे गेट-टुगेदर. पत्रिकेवर तिला 'रौप्यमहोत्सवी स्नेहमेळावा' म्हणतात, कारण स्नेहसंमेलन हा शब्द गॅदरिंगने आधीच अडवून ठेवलेला आहे. या दोहोंत केवळ आद्याक्षरांचे साम्य आहे असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. वस्तुतः दुसरीची सारी तयारी पहिलीच्याच तंत्राने चालते.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तंत्रशिक्षणाला वाट मोकळी करून दिल्यानंतर गावोगावी जी महाविद्यालये उभी राहिली, त्यांतून १९९८ च्या सुमारास बाहेर पडलेल्या तुकड्या आता दुसऱ्या जीटीच्या वयाला पोहोचल्या आहेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये १०० माणसेच मावत होती तोवर मेकॅनिकलवाले आणि सिव्हिलवाले आपापल्या घरी सुखी होते. २०१६ मध्ये ही मर्यादा २५६ झाली, सर्व शाखा एका छताखाली आल्या आणि सुप्रभाताची फुले चौपट झाली.

मेळाव्याचा आद्य ग्रंथ म्हणजे येणाऱ्यांची यादी. एकाने पहिल्या क्रमांकावर आपले नाव लिहायचे, दुसऱ्याने तो मजकूर उचलून त्याखाली आपले नाव जोडायचे आणि परत टाकायचा, अशी तिची पद्धत असून, २०२२ च्या अखेरीस मतदानाची आयती सोय मिळाल्यावरही ती सुटलेली नाही, कारण 'येणार, पण उशिरा आणि बायकोचे विचारून सांगतो' हे मत नोंदवण्याची तरतूद मतदानात नसते. दोघांनी एकाच क्षणी मजकूर उचलला की चौदाव्या क्रमांकावर दोन निरनिराळी नावे येतात, यादीला फाटे फुटतात आणि संध्याकाळपर्यंत तिच्या पाच-सहा पाठपरंपरा रूढ होतात. त्यांपैकी बे एरियाची प्रत सर्वांत भ्रष्ट मानावी लागते, कारण हिवाळ्यात कॅलिफोर्निया भारताच्या साडेतेरा तास मागे असल्याने तेथील मंडळी सकाळी उठून दीडशे निरोपांच्या ढिगातून हाताला लागेल ती प्रत उचलतात. परस्परविसंगत प्रती ताडून मूळ संहिता ठरविण्याच्या शास्त्राला पाठचिकित्सा म्हणतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारतासाठी ते काम १९१९ मध्ये आरंभून १९६६ मध्ये पुरे केले. यादीही तेवढ्याच तपश्चर्येला पात्र आहे, परंतु केटररला आकडा शुक्रवारपर्यंत हवा असतो. एक नाव मात्र प्रत्येक प्रतीत आठव्याच क्रमांकावर राहते. तीन वर्षांपूर्वी गेलेल्या मित्राचे ते नाव प्रथम कोणी घातले हे कळत नाही, पण ते कोणी गाळत नाही, आणि सर्व प्रतींत एकमत असलेला तेवढा एकच पाठ होय.

यादीच्या मधल्या फटींतून ख्यालीखुशाली चालते. २०१७ साली 'ती सध्या काय करते' हा चित्रपट आल्यापासून एखाद्या वर्गभगिनीची सरळ मनाने चौकशी करणे पुरुषांना अशक्य झाले असल्यामुळे ते एकमेकांचीच चौकशी करतात. 'काय रे, किती आले?' हा त्यांचा प्रश्न निकालाच्या दिवसापासून बदललेला नाही; बदलला आहे तो विषय, आणि तो एचबीएवनसी, म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांची रक्तशर्करेची सरासरी दाखवणारी तपासणी, हा होय. सातच्या आत राहिल्यास फर्स्ट क्लास समजतात. वर गेल्यास केटी, म्हणजे राहिलेला विषय पुढच्या वर्षात ओढत नेण्याची मुभा, असतेच. फक्त ओढण्यासाठी येथे गोळ्या लागतात. मेळाव्याच्या टी-शर्टच्या मापांविषयी एवढेच सांगणे पुरे की, प्रत्येकजण आपले १९९८ चे माप कळवतो.

खरी जीटी होते ती स्मरणिकेच्या वेळी. पन्नास शब्दांत स्वपरिचय पाठवा, असे चार वेळा विनवूनही कोणी हालचाल करीत नाही, तेव्हा ज्याची शीट पूर्वी काचेवर जात असे तोच गृहस्थ स्वतःचा परिचय नमुना म्हणून टाकतो आणि मुदतीच्या रात्री परिचयांचा पाऊस पडतो. नमुन्यात 'ट्रेकिंगची विशेष आवड' असे असल्यामुळे सिंहगडाच्या वाहनतळापलीकडे कधी न गेलेल्या अकरा जणांस ती आवड एकदम जडते. एखादा तर नाव, हुद्दा आणि गाव काळजीपूर्वक बदलून नमुन्यातील पत्नी तशीच ठेवतो. ही चूक मजकूर जुळवणाऱ्याच्या, मुद्रितशोधकाच्या आणि त्या दोन्ही पतींच्या नजरेतून सुटते. ती सापडते मेळाव्याच्या दिवशी, पहिल्या पंगतीत, दोन्ही पत्नींना, एकाच वेळी.