कुणाच्या घरात किती लेकरं

आक्कांनी कुंपणावरची गोधडी बाजूला सारली आणि आवाज खाली आणला. मला वाटलं, खालच्या आळीतल्या नव्या सुनेचं काहीतरी असणार.

"डुकरीण पुन्हा व्याली बघा. आमच्या उसात. सात पिल्लं, मालकांनी मोजली."

"मागच्या साली व्यालेली, तीच?"

"ती का तिची लेक, कुणाला ठावं! वरीस-दीड वरसात लेकबी व्यायला लागती."

खरंच आहे. रानडुकरीण चार महिने पोटुशी राहते आणि एका वेताला चार-सहा पिल्लं देते. उसात सावली, पाणी, खाणं सगळं बसल्या जागी. शिकार करणारं फारसं कुणी नाही. मग वाढतील नाही तर काय?

"आणि तिकडं नान्नजच्या माळावरचा माळढोक पक्षी," मी म्हटलं, "वर्षाला एकच अंडं घालतो. तेही उघड्या जमिनीवर. कुत्र्यानं खाल्लं, गुराचा पाय पडला, की पुष्कळदा ते सालच वाया."

"अगं बाई, एकच?" आक्का हळहळल्या. तीन लेकरांच्या आई त्या.

माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य केलं, 8,496 चौरस किलोमीटरचं. एवढ्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं, लोक चिडले, पुढं ते 1,222 च्या आसपास आणावं लागलं. पण पक्ष्याला हवा मोकळा माळ. उजनी धरणाचं पाणी आलं तसा जिल्ह्यातला माळ मोडत गेला आणि ऊस उभा राहिला.

"पाणी आलं ते आपल्या पोटाला बरंच की," आक्का म्हणाल्या.

"डुकराच्याबी."

आक्का हसल्या, पण मग रागानं म्हणाल्या, "त्या सरकारी माळावर आता हाय कोण?"

काळविटं. त्यांना गवत चालतं, आपली ज्वारीही चालते, म्हणून ती वाढली. पाटी माळढोकाची, चरतात काळविटं. पण गवत तेवढंच आणि तोंडं वाढली, की पाडसं कमी जगतात. शिवाय लांडगा आहेच. वाढ कुठंतरी अडतेच, फक्त आकडा एका जागी बसत नाही, हेलकावे खात राहतो.

"आमच्या कणगीतले उंदीर कुठं अडत्यात ते सांगा," आक्का म्हणाल्या. "तीन आठवड्यांत नवी पिल्लावळ!"

"गव्हाणी घुबड अडवतं. उंदीर वाढले की ते अंडी जास्त घालतं, रात्रभर पिल्लांना उंदीर आणून घालतं. उंदीर घटले की त्याचीही पिल्लं कमी. तुमच्या जुन्या वाड्याच्या भिंतीत होतं ना एक, पांढऱ्या तोंडाचं?"

आक्कांनी गोधडी पुन्हा नीट पसरली.

"अशुभ म्हणून मालकांनी ते भोक कालच लिंपलं."