साहेबाचं सोवळं

ब्रिटनच्या रस्त्यांवर मीटरला प्रवेश नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. प्रवेश आहे, मागच्या दाराने. इंजिनिअर रस्ता मीटरमध्ये आखतो, ठेकेदार मीटरमध्ये खणतो. मग ‘200 यार्डांवर काम चालू’ हा फलक बिनदिक्कत 200 मीटर मोजून रोवला जातो. नियमाला एवढा फरक चालतो. मधले सतरा मीटर देशभक्तीच्या खाती जमा.

मोटरवेच्या कडेला छोटे निळे फलक असतात. वर रस्त्याचा नंबर, मध्ये एक अक्षर, खाली आकडा. आकडा किलोमीटरचा, पण तसं लिहिलेलं नसतं. उगाच बभ्रा नको. गाडी बंद पडली की मदत मागताना हाच आकडा फोनवर सांगायचा. म्हणजे चालती गाडी मैलांत, बंद पडलेली किलोमीटरांत. पेट्रोल भरायचं लिटरने आणि अॅव्हरेज सांगायचं गॅलनला किती मैल असं. मधला 4.546 चा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पुलाच्या उंचीचं मात्र सोवळं सुटलंय. 2015 पासून नव्या फलकांवर फुटांबरोबर मीटरही लागतात. परदेशी ट्रकवाला फूट-इंच शिकेपर्यंत पूल थांबत नाही, हे सरकारच्या ध्यानात आलं.

बाकीचे फलक 1973 मध्ये बदलायचे होते. 1970 च्या डिसेंबरात ते पुढे ढकलले, ते अजून पुढेच आहेत. कारण विचारलं की खर्च. शेजारच्या आयर्लंडने 2005 च्या जानेवारीत वेगमर्यादा किलोमीटरमध्ये नेली. बेलफास्टहून डब्लिनला जाताना सीमेवर चौकी नाही. आकडे एकदम फुगले की देश बदलला.

आपणही फार हसू नये म्हणा. मेट्रिकचा कायदा 1956 चा, तरी फ्लॅट चौरस फुटांत आणि जमीन गुंठ्यांत. पण निदान आपण त्याला स्वातंत्र्यलढा म्हणत नाही. तिथे म्हणतात. त्याच भरात 2022 मध्ये सरकारने जनतेला विचारलं, दुकानात जुनी मापं परत आणू का? लाखाहून जास्त उत्तरं आली. जवळजवळ नव्व्याण्णव टक्के लोक म्हणाले, मेट्रिकच बरं. एवढा कौल घेऊन सरकारने काय केलं? वाइन पाइंटच्या बाटलीत विकायची मोकळीक दिली. ती पिऊन स्टिअरिंगवर बसलात, तर पोलीस रक्तातलं मद्य मिलिग्रॅममध्ये मोजतील.