वाईपर्यंत पाच बोटं

पुण्याहून महाबळेश्वर सायकलने साधारण 120 किलोमीटर. वाटेत कात्रज, खंबाटकी, सुरूरचा फाटा, वाईचा कृष्णाघाट, ढोल्या गणपती, बघण्यासारखं पुष्कळ. पण सायकलवाल्यांची प्रवासवर्णनं नीट ऐकली, तर शिरवळनंतर त्यांतला निसर्ग आटत जातो आणि चवडा सुरू होतो. खंबाटकीत नुसत्या मुंग्या, वाईत तळव्याची आग, आणि पसरणीच्या घाटात, खाली कृष्णेचं अख्खं खोरं उघडलेलं असताना, गृहस्थ कठड्यावर बसून, बूट काढून, स्वतःची करंगळी न्याहाळत असतात. पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडलेला माणूस पायांनाच आठ तास कोंडून ठेवतो आणि शिव्या घाटाला घालतो. माझ्या मते घाट निर्दोष आहे. हे दुखणं रस्त्यावर होत नाही. ते दुकानात, सकाळी अकरा वाजता, एसीच्या गारव्यात, पैसे मोजून घेतलेलं असतं.

हिशेबच करू. मिनिटाला 80 फेऱ्या धरल्या तर एक पाय तासाला 4,800 वेळा पेडल दाबतो, आणि क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणारी पट्टी तळाला असलेले, बूट असतील तर दर वेळी चवड्याच्या त्याच टीचभर जागेवर. घाटात फेऱ्या कमी होतात, पण प्रत्येक दाब वाढतो. त्यात उन्हाने आणि श्रमाने पाय सुजतो. बूट सुजत नाही. चवड्याच्या लांब हाडांमधून बोटांकडे नसा जातात. बुटाने दोन्ही बाजूंनी आवळलं की त्या चिमटतात, आणि बहुधा तिसऱ्या-चौथ्या बोटांमधली नस आधी बोंब मारते. करंगळीचे हाल तर लोकलमधल्या चौथ्या सीटवाल्यासारखे: अर्धी आत, अर्धी अधांतरी, आणि वर सगळ्यांचं ‘जरा सरका’. अशा वेळी लोक जाड मोजे घालतात, म्हणजे त्याच बाकावर पाचवा माणूस बसवतात.

खरी गोम नंबरात आहे. ब्रिटिश पद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, युरोपीय पद्धतीत दोन तृतीयांश सेंटीमीटर. दोन्ही नंबर लांबीचे. रुंदीबद्दल चकार शब्द नाही. मग आपण एक नंबर मोठा घेतो, की टाच सुटते आणि करंगळी होती तिथेच. पूर्वी मापाची चप्पल करून देणारा कारागीर पाय कागदावर ठेवायला सांगायचा. पेन्सिल उभी धरून, टाचेपासून सुरुवात करून, सावकाश भोवती रेघ मारायचा. अंगठ्यामागे हाड बाहेर आलेलं असेल तर रेघही तिथे फुगायची. आपल्या पायाकडे इतक्या आस्थेने पुढे कुणी पाहिलं नाही. आता दुकानातला पोरगा मोबाइलवरची नजर न काढता विचारतो, ‘आठ की नऊ?’

यावर पहिला आक्षेप ठरलेला: दूधवाले, पोस्टमन जन्मभर चपला घालून सायकली हाकत आले, त्यांना कुठे क्लीट लागली? अगदी बरोबर, आणि ते माझ्याच बाजूचं बोलणं आहे. चपलेत बोटं पसरायला जागा असते, आणि सपाट पेडलवर पाय पुढेमागे सरकवून दाब वाटून घेता येतो. मात्र मऊ तळव्याचे धावण्याचे बूट हा त्यावरचा उपाय नव्हे. ते पेडलवर वाकतात आणि पेडलची कड तळव्याला टोचत राहते. तळ कडकच हवा, वरचा भाग ऐसपैस. दुसरा आक्षेप: वापरून सैल होतील. चामड्याचे होतात थोडेफार. सिंथेटिकचे बूट तुमचा पायच घडवायला निघतात. तिसरा आक्षेप जाणकारांचा: सैल बुटात जोर वाया जातो. 1985 मध्ये सायकलपटू बर्नार इनोने पाय जखडून ठेवणाऱ्या लुक कंपनीच्या पेडलवर टूर द फ्रान्स जिंकली, तेव्हापासून हे ज्ञान खालपर्यंत झिरपलं आहे. पण घट्ट हवी ती टाच. बोटं पेडल मारत नाहीत. शिवाय वाटेत दोनदा मिसळ खाणाऱ्या माझ्यासारख्यांचा जोर मुळात असतो किती, की तो वाया जावा?

तेव्हा बूट संध्याकाळी घ्यावेत, सायकलचेच मोजे घालून, आणि माप उभं राहून द्यावं, कारण वजन पडलं की पाय पसरतो. त्याच मापाचा रुंद साचा मिळतो का ते विचारावं. क्लीट टाचेकडे चार-पाच मिलिमीटर सरकवली की चवड्यावरचा भार हलका होतो; सीट मग किंचित खाली घ्यावी लागते. हे घरीच करावं, पण राहिलंच तर 4 मिलिमीटरची ॲलन की खिशात असू द्यावी आणि घाट लागण्याआधी वाईत थांबावं. निदान बुटाचा पुढचा पट्टा तरी सैल करावा. सोबतचे म्हणणारच, ‘आत्ता कशाला, वर गेल्यावर बघू.’ वर बघायला पॉइंट पुष्कळ आहेत.